गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर: विनाइलचा संग्रह कसा जमवावा, तपासावा आणि जपावा

मॉन्ट्रियलच्या या बँडचं संगीत बरंचसं रेकॉर्डच्या एका बाजूच्या मापानं बेतलेलं आहे. वीस-बावीस मिनिटांची एक रचना, ती संपली की उठून तबकडी उलटायची. म्हणून त्यांच्या रेकॉर्ड जमवण्यात मजा आहे आणि म्हणूनच त्या जमवणं जरा अवघडही आहे. रचना अगदी हळू आवाजात सुरू होतात, तिथे धुळीचा कणसुद्धा ऐकू येतो. मग आवाज चढत जातो आणि कळस नेमका तबकडीच्या आतल्या भागात येतो, जिथे विनाइलची ताकद सगळ्यांत कमी असते. खरेदी करताना, सुई निवडताना आणि तबकडी धुताना ही गोष्ट डोक्यात असू द्या. दुर्मिळ पण खरखरणाऱ्या पहिल्या आवृत्तीपेक्षा शांत वाजणारी पुनर्मुद्रित प्रत या बँडच्या बाबतीत केव्हाही बरी.

आधी काय काय आहे ते समजून घ्या

शोध घेताना नाव दोन प्रकारे टाका. जुन्या रेकॉर्डवर उद्गारचिन्ह नावाच्या शेवटी आहे, नंतर ते 'यू'च्या पुढे आलं. शिवाय काही कव्हरवर बँडचं नावच नाही, त्यामुळे विक्रेत्यांच्या नोंदी चुकतात. खात्रीचा धागा म्हणजे कॅटलॉग क्रमांक. विनाइल मॉन्ट्रियलच्या कॉन्स्टेलेशन या लेबलचं असतं आणि क्रमांक 'सीएसटी'नं सुरू होतो. पहिल्या तीन रेकॉर्डच्या सीडी मात्र शिकागोच्या क्रँकी या लेबलनं काढल्या. नोंदीत क्रँकीचा क्रमांक आणि 'एल.पी.' हा शब्द एकत्र दिसला, तर छायाचित्र मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'एफ शार्प ए शार्प इन्फिनिटी' (सीएसटी००३, १९९७) ही संग्रहातली सगळ्यांत गुंतागुंतीची वस्तू. १९९८ ची सीडी म्हणजे याच एल.पी.ची नक्कल नव्हे. एल.पी.वर दोन बाजूंना दोन सलग तुकडे आहेत आणि एकूण लांबी चाळीस मिनिटांच्या आत आहे. सीडीवर तीन रचना आहेत, बरंच साहित्य नव्यानं जोडलेलं आहे आणि लांबी तासाभराच्या वर जाते. सीडी किंवा स्ट्रीमिंगवर ऐकून एल.पी. घेणाऱ्याला वाटतं की प्रत अपुरी आली. ती अपुरी नसते, रेकॉर्डच वेगळी आहे.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी बंद खाच आहे. म्हणजे शेवटची खाच आत न सरकता स्वतःलाच येऊन मिळते आणि तोच तुकडा फिरत राहतो. ३३⅓ वेगावर एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे दर १.८ सेकंदांनी तोच आवाज पुन्हा. नावातलं अनंताचं चिन्ह इथे प्रत्यक्ष वाजतं. स्वयंचलित टर्नटेबलमध्ये बाजू संपल्याची खूण यंत्राला कळते ती आर्म (सुई धरणारा दांडा) झपाट्यानं आत सरकल्यामुळे. बंद खाचेत आर्म सरकतच नाही, त्यामुळे ती आपोआप उचलली जाईलच असं नाही. ही बाजू लावून झोपू नका, सुई रात्रभर त्याच एका खाचेत घासत राहील.

या रेकॉर्डसोबत एका पाकिटात छापील कागद आणि रेल्वेगाडीखाली चपटं केलेलं एक सेंटचं नाणं येतं. पुनर्मुद्रित प्रतींतही ते दिलं गेलं, त्यामुळे नाणं आहे म्हणजे पहिली आवृत्ती आहे असा निष्कर्ष काढू नका. (कॅनडानं एक सेंटची नाणी पाडणं २०१२ साली थांबवलं, तरी जुन्या नाण्यांचा तुटवडा नाही. चपटं नाणं कोणीही बनवू शकतो.) सुरुवातीच्या प्रतींची कव्हरं हातानं तयार केलेली होती आणि वर छायाचित्र चिकटवलेलं होतं. ते जागेवर आहे का, कडा सुटल्या आहेत का, हे विचारा.

'स्लो रायट फॉर न्यू झीरो कनाडा' (सीएसटी००६, १९९९) म्हणजे दोन रचना, दोन बाजू. कव्हरवर फक्त हिब्रू अक्षरं आणि मागे पेट्रोलबाँब कसा बनवतात याची आकृती, एवढ्यावरून ती ओळखता येते. संग्रहाची सुरुवात करायला ही उत्तम. एकच तबकडी आहे आणि बाजू फार ताणलेल्या नाहीत.

'लिफ्ट युवर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' (सीएसटी०१२, २०००) हा दुहेरी अल्बम, चार बाजूंना चार रचना. लांबी साधारण साडेबावीस, साडेबावीस, सव्वातेवीस आणि एकोणीस मिनिटं. पहिल्या तिन्ही बाजू विनाइलसाठी लांब आहेत. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, आणि त्यासाठी आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. मग ऐकताना तुम्ही आवाज वाढवता आणि पृष्ठभागाची खरखरही तितकीच वाढते. म्हणून या अल्बमच्या बाबतीत प्रतीच्या अवस्थेवर अजिबात तडजोड करू नका.

'यांकी यू.एक्स.ओ.' (सीएसटी०२४, २००२) स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केला, तोही दुहेरी. त्यानंतर बँड काही वर्षं थांबला आणि पुढचा अल्बम थेट २०१२ साली आला, 'अलेलुया! डोन्ट बेंड! असेंड!' (सीएसटी०८१). इथे पुन्हा सावध राहायला हवं. बारा इंची तबकडीवर वीस-वीस मिनिटांच्या दोन रचना आहेत आणि दोन छोट्या रचना वेगळ्या सात इंची तबकडीवर आहेत. वापरलेल्या प्रतींतून ही छोटी तबकडी हमखास गहाळ होते. सीडीवरचा क्रमही वेगळा आहे, तिथे छोट्या रचना मोठ्या रचनांनंतर एकेक येतात. 'जी_ड्स पी ॲट स्टेट्स एंड!' (सीएसटी१५६, २०२१) याचीही तीच तऱ्हा, फक्त जोडतबकडी दहा इंची आहे. दोन्ही वेळा विक्रेत्याला स्पष्ट विचारा: 'किती तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा आकार काय?' छोटी तबकडी लावताना वेग लेबलवर वाचून ठरवा. संथ गुंजन चुकीच्या वेगावरही पटण्यासारखं वाजतं आणि चूक लक्षात येत नाही.

मधले दोन अल्बम, 'असंडर, स्वीट अँड अदर डिस्ट्रेस' (सीएसटी१११, २०१५) आणि 'लुसिफेरियन टॉवर्स' (सीएसटी१२६, २०१७), सरळसोट आहेत. ते नवे मिळत असतील तर वापरलेले शोधत बसू नका.

आवृत्ती ओळखणं

बारकोड आणि कॅटलॉग क्रमांक यांवरून अल्बम कळतो, आवृत्ती नव्हे. तोच बारकोड अनेक पुनर्मुद्रणांवर असतो. आवृत्ती कळते ती शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यावरून, म्हणजे रनआउटवरून.

एक हातदिवा घ्या, तबकडी डोळ्यांसमोर जवळजवळ आडवी धरा आणि प्रकाश बाजूनं तिरका पाडा. वरून टाकलेल्या प्रकाशात कोरलेली अक्षरं बुडून जातात. पट्ट्यावरून पूर्ण फेरी मारा, कारण अक्षरांचे गट बऱ्याचदा एकमेकांसमोर, दूर दूर असतात. कॅटलॉग क्रमांक आणि बाजूचं अक्षर, लॅकर (ज्यावरून साचे बनतात ती मूळ तबकडी) कापणाऱ्याची सही किंवा चिन्ह, कारखान्याचा स्वतःचा क्रमांक, हे सगळं जसंच्या तसं लिहून घ्या. काय हातानं कोरलंय आणि काय शिक्क्यानं उठवलंय, तेही लिहा. खोडलेली अक्षरंसुद्धा नोंदवा. मग डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या ऑनलाइन सूचीवर त्या अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या उघडून जुळवा. सगळ्या बाजू जुळल्या पाहिजेत. एका बाजूचा जुना साचा दुसऱ्या बाजूच्या नव्या साच्यासोबत वापरलेला असू शकतो.

कॅटलॉग क्रमांक नाही, रनआउट कोरा किंवा विसंगत, कव्हरवरची छपाई धूसर आणि बारीक अक्षरं फुटलेली, अशी प्रत बनावट समजा. 'एकशे ऐंशी ग्रॅम' या शब्दांवरही फार जाऊ नका. जड तबकडी हाताला बरी वाटते आणि थोडी कमी वाकते, पण खाचेतला आवाज वजनानं सुधारत नाही. तो कापणी, साचे आणि दाबणी यांवर ठरतो.

विकत घेण्यापूर्वीचे प्रश्न

रेकॉर्डची अवस्था ठरवण्याच्या गोल्डमाइन पद्धतीत निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड अशा पायऱ्या उतरत जातात. जोरकस रॉकसाठी व्हेरी गुड प्लस प्रत छान वाजते, तिथे एखादी टिकटिक गिटारखाली दबून जाते. इथे दबायला काही नसतं. बहुतेक विक्रेते फक्त डोळ्यांनी पाहून दर्जा ठरवतात, म्हणून वाजवून पाहिली आहे का ते विचारा. पूर्ण बाजू ऐकायला कोणी तयार होत नाही. तेव्हा प्रत्येक बाजूची पहिली तीन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं ऐकून सांगा, अशी विनंती करा. पहिल्या भागात खरखर कळते, शेवटच्या भागात झीज.

ओरखडा दिसला तर तो कोणत्या दिशेनं आहे ते महत्त्वाचं. तेवीस मिनिटांच्या बाजूत तबकडी सुमारे ७६७ फेऱ्या मारते आणि सुई साधारण ८६ मि.मी. आत येते, म्हणजे दोन फेऱ्यांमधलं अंतर ०.११ मि.मी.च्या आसपास. लेबलच्या दिशेनं गेलेला फक्त ५ मि.मी.चा ओरखडा ४५ फेऱ्या आडवा छेदतो. तो खोल असेल तर जवळपास ऐंशी सेकंद टिकटिक, दर १.८ सेकंदांनी. खाचेला समांतर गेलेली रेघ कमी वेळा ऐकू येते, पण सुई तिच्यावरून उडी मारण्याचा धोका जास्त. नखाला लागतो का हे विक्रेत्यालाच तपासायला सांगा.

पॅकिंगबद्दल एकच अट, पण ठामपणे घाला: तबकडी आतल्या पिशवीसकट कव्हरच्या बाहेर काढून, कव्हरच्या मागे ठेवून पाठवावी. आत ठेवली तर पार्सल आदळताना तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते. दुहेरी अल्बमला हे जवळजवळ ठरलेलं. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि कोपऱ्यांना मोकळी जागा हवीच. 'एफ शार्प' मागवत असाल तर नाण्याचं पाकीट तबकडीला चिकटून येणार नाही अशा जागी, वेगळ्या पुठ्ठ्याआड ठेवायला सांगा.

पार्सल आल्यावर

उन्हात तापलेलं पार्सल लगेच वाजवू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडताना छायाचित्रं काढा. आतले कागद, पाकीट आणि छोटी तबकडी यादीशी ताडून पाहा.

तबकडी टर्नटेबलवर ठेवून डोळे तिच्या पातळीवर आणा आणि फिरवा. कडेची थोडी लाट चालते. आर्म दिसण्याइतकी जोरात वरखाली होत असेल तर परत करा. नंतर सुईकडे वरून पाहा. ती प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलत असेल, तर भोक मध्यावर नाही. लांब ताणलेल्या व्हायोलिनच्या आणि गिटारच्या सुरांत हा दोष लगेच उघडा पडतो, सूर डोलायला लागतो. भोक अर्धा मि.मी. सरकलं असेल तर बाहेरच्या कडेला सुरात जेमतेम एक तृतीयांश टक्का फरक पडतो, पण आतल्या ६० मि.मी. त्रिज्येवर तोच ०.८ टक्क्यांवर जातो. म्हणून या दोषासाठी बाजूचा शेवट ऐका.

नव्या तबकड्यांतला दुसरा दोष म्हणजे दाबताना खाच विनाइलनं पूर्ण न भरणं. बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून कापड फाडल्यासारखा आवाज येतो, आणि तिरक्या प्रकाशात त्या जागी करडे ठिपक्यांचे पट्टे दिसतात. कितीही धुवा, हा आवाज जात नाही. धुळीची टिकटिक मात्र धुतल्यावर कमी होते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी एकदा धुवा, मग हेडफोनवर सगळ्या बाजू ऐका आणि दोषाची मिनिट-सेकंदांची नोंद ठेवा. 'आवाज खराब आहे' या तक्रारीला टोलवता येतं. 'दुसरी बाजू, ४:१० ते ५:३०, उजवा स्पीकर' याला टोलवणं कठीण.

सुई आणि जुळवणी

शेवटच्या खाचांकडे खर्च आणि वेळ दोन्ही द्या. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ से.मी. वेगानं जाते, लेबलजवळ तोच वेग २१ से.मी.पर्यंत उतरतो. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत बसवलेलं असतं. वळणं इतकी आखूड होतात की जाड टोकाची सुई त्यांत शिरतच नाही, आणि झांजा व विकृत गिटार चिरकायला लागतात. या बँडचे कळस नेमके इथे येतात.

गोल टोकाची सुई या संगीताला पुरत नाही, इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) ही किमान पायरी. मायक्रोलिनियर किंवा शिबाटा ही आणखी बारीक टोकाची सुई घेतली तर आतल्या खाचांत फरक स्पष्ट ऐकू येतो. बदलता येणाऱ्या सुईचं कार्ट्रिज (आर्मच्या टोकाला बसणारा, सुई धरणारा भाग) घेतलं तर पायरी चढणं सोपं जातं. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच बॉडीवर साधी ते मायक्रोलिनियर अशा सगळ्या सुया बसतात. कंपनीच्या आकड्यांनुसार इलिप्टिकलचं आयुष्य सुमारे ३०० तास आणि मायक्रोलिनियरचं १००० तास, त्यामुळे किमतीतला फरक वाटतो तेवढा राहत नाही.

जुळवणीचा क्रम असा ठेवा. टर्नटेबल समपातळीत आणा. आर्म तरंगेपर्यंत वजन तोला, मग ट्रॅकिंग फोर्स (सुईचा खाचेवरचा भार) लावा आणि डिजिटल काट्यावर तपासा. वर सांगितलेल्या कार्ट्रिजला २ ग्रॅम. शंका असेल तर कंपनीनं दिलेल्या मर्यादेच्या वरच्या निम्म्यात राहा. हलकी सुई खाचेत उडते आणि तीच खरी इजा करते. नंतर प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची आखीव पट्टी) घेऊन कार्ट्रिजचा कोन लावा. इथे एक निवड आहे. बेअरवाल्ड पद्धतीत कोनाची चूक शून्य होते ती ६६ आणि १२०.९ मि.मी. त्रिज्येवर. स्टीव्हन्सन पद्धतीत ६०.३ आणि ११७.४ वर. स्टीव्हन्सनमध्ये बाजूच्या मधल्या भागात विकृती किंचित वाढते, पण अगदी शेवट स्वच्छ राहतो. बहुतेक संगीताला बेअरवाल्ड ठीक. या संग्रहाला आम्ही स्टीव्हन्सन सुचवू. प्रोट्रॅक्टर कागदावर छापत असाल तर छापलेली मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहा. प्रिंटर आकार दोन-तीन टक्के घटवतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी अँटिस्केटिंग (आर्मला आत खेचणारी ओढ तोलणारी जुळवणी) ट्रॅकिंग फोर्सएवढंच ठेवा आणि कळसाच्या वेळी एकच स्पीकर चिरकतो का ते ऐकून थोडं इकडेतिकडे करा.

धुणं

नवी तबकडीसुद्धा धुवा. कागदी पिशवीचा भुगा आणि कारखान्यातली धूळ तिच्यावर असतेच. ९०० मि.ली. डिस्टिल्ड पाणी, १०० मि.ली. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोची फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. भांड्यांचा साबण नको, त्यातला सुगंध आणि रंग खाचेत थर धरतो. हे मिश्रण फक्त विनाइलसाठी. लाखेच्या ७८ वेगाच्या तबकड्या अल्कोहोलनं विरघळतात.

लेबल झाकून दर बाजूला पाच-सहा मि.ली. द्रव पसरा. मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनंच तीन-चार फेऱ्या फिरवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा फिरवा आणि द्रव सुकायच्या आत मायक्रोफायबरनं टिपून घ्या. मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्यानं तसंच. हा दुसरा हात बहुतेक जण टाळतात आणि मग सुईवर पांढरी राप बसते. अर्धा तास उभी ठेवून वाळवा. रोज वाजवताना कोरडा कार्बन ब्रश पुरे. सुई मात्र मागून पुढेच झाडायची.

ठेवणं

धुतलेली तबकडी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, पॉलिथिनची अँटिस्टॅटिक पिशवी घ्या. मूळ पिशवीवर छपाई असेल तर ती रिकामीच कव्हरमध्ये ठेवा. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिनचं हवं. पीव्हीसीचं जाड, चकचकीत आवरण वर्षानुवर्षं वायू सोडतं आणि तबकडीवर धुरकट डाग उमटतात, ते निघत नाहीत. कॉन्स्टेलेशनची बरीच कव्हरं लेप नसलेल्या खरखरीत कागदाची आहेत. ती ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

नाण्याचं पाकीट कव्हरच्या आत ठेवू नका. रांगेत दाब पडला की नाण्याचा उठाव तबकडीवर किंवा कव्हरवर कायमचा उमटतो. ते पाकीट पातळ पुठ्ठ्यासोबत बाहेरच्या आवरणात, कव्हरच्या मागे सरकवा.

तबकड्या उभ्या ठेवा, तिरक्या नाहीत आणि ठासूनही नाहीत. १८ ते २१ अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. आर्द्रता सतत जास्त राहिली तर कव्हरला आधी बुरशी लागते. एक मीटर रांगेचं वजन सुमारे ५० किलो होतं, तेव्हा फळी पुस्तकांच्या हिशेबानं घेऊ नका. दर ३५-४० से.मी.वर उभा आधार हवा.

कोणत्या क्रमानं घ्यावं

जे नवं मिळतंय ते आधी घ्या, कारण लेबलच्या पुनर्मुद्रणांमध्ये कधी कधी मोठा खंड पडतो आणि तेवढ्यात वापरलेल्या प्रतींच्या किमती फुगतात. अशा वेळी घाईनं घेऊ नका, लेबलच्या पुढच्या मुद्रणाकडे लक्ष ठेवा. सुरुवातीच्या प्रतींचा नाद शेवटी, रनआउट वाचायला हात बसल्यावर.

बँडची पहिली नोंद १९९४ ची कॅसेट आहे, अवघ्या ३३ प्रतींची. २०२२ साली बँडनं ती बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावर उपलब्ध केली. त्या कॅसेटच्या नावानं विनाइल समोर आलं, तर लेबलच्या कॅटलॉगमध्ये तशी नोंद आहे का पाहा आणि नसेल तर सोडून द्या. मैफलींच्या अनधिकृत तबकड्यांचंही तेच. चाहत्यांनी केलेली मैफलींची ध्वनिमुद्रणं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकायला मिळतात, आणि बनावट तबकडीवर बहुतेकदा तसलंच साहित्य आणखी एक पायरी खराब होऊन येतं.